सी-८ला फोकल रिड्यूसर लावला. मध्यभाग सुरेख, पण कोपऱ्यातले तारे लांबट. कुठे चुकतंय?

ध्रुवमत्स्य | १८ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी,

शनिवारी वेल्ह्याच्या पुढे मित्राच्या शेतावर मुक्काम केला होता. आभाळ इतकं स्वच्छ की मृगातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी धुरकट दिसत होता. माझी दुर्बीण सेलेस्ट्रॉनची सी-८ आहे. व्यास २०३ मिमी, नाभीय अंतर २०३२ मिमी, एफ/१० (नाभीय अंतर भागिले व्यास). मागे कॅनन ६००डी. गेली दोन वर्षं याच जोडीवर गुरू, शनी आणि चंद्राचे तुकडे काढतोय. तुकडे म्हणतो कारण चौकट जेमतेम ३८ बाय २५ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि चंद्र ३१ कलांचा, उभ्या बाजूने तो कापलाच जातो. मृगातला तेजोमेघ, एम ४२, तर एक अंशाहून मोठा. त्याचा नुसता गाभा यायचा.

म्हणून ०.६३ पटीचा रिड्यूसर घेतला, म्हणजे नाभीय अंतर कमी करून जास्त आभाळ चौकटीत आणणारी भिंगं. वापरलेला आहे, पण भिंगं अगदी स्वच्छ. २०३२ गुणिले ०.६३ म्हणजे १२८० मिमी, एफ/६.३, चौकट ६० बाय ४० कला. पहिली तीस सेकंदांची फ्रेम कॅमेऱ्याच्या पडद्यावर उमटली आणि मी अंगणातून मित्राला हाक मारली. दोन्ही बाजूंचे पंख, मधला उजळ गाभा, वर एनजीसी १९७७चा निळसर पट्टा, सगळं एकत्र. थंडीत आम्ही दोघं त्या छोट्या पडद्याकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

घरी येऊन फ्रेम मोठी करून पाहिली. मध्यभागी तारे टाचणीच्या टोकाएवढे, गोल. कडेला जाऊ तसे लांबत जातात आणि कोपऱ्यात तांदळाच्या दाण्यासारखे होतात. सगळ्या दाण्यांचं एक टोक चौकटीच्या मध्याकडे. शिवाय चारही कोपरे काळवंडलेले.

जोडणी अशी: दुर्बीण, रिड्यूसर, ५० मिमीचा टी-अडॅप्टर, ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर, टी-रिंग, कॅमेरा. (टी-अडॅप्टर आणि टी-रिंग म्हणजे जोडणीच्या कड्या; गायडर म्हणजे दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश वेगळ्या कॅमेऱ्याकडे वळवून ताऱ्याचा माग राखणारं उपकरण.) रिड्यूसर सदोष निघाला का? परत करायची मुदत आठवडाभरच आहे.

गच्चीवाला | १९ जानेवारी, सकाळी ७:१०

कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, पाहिलंत का? माझ्या सी-६ला असंच झालं होतं, दुय्यम आरशाचे स्क्रू नीट केल्यावर सुटलं.

अगस्ती | १९ जानेवारी, सकाळी ९:३४

गच्चीवाला, कोलिमेशन बिघडलं की तारे सगळीकडे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसतात, अगदी मध्यभागीसुद्धा. इथे मध्य गोल आहे आणि लांबटपणा चारही बाजूंनी सारखा, मध्याकडे तोंड करून. मला अंतराचा संशय येतोय.

ध्रुवमत्स्य, एक काम करा. ती फ्रेम अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा. फुकट आहे. ताऱ्यांची ठेवण ओळखून चौकट किती रुंद आहे आणि एका पिक्सेलला किती विकला (कलेचा साठावा भाग) येतात ते ती सांगते. तो आकडा इथे टाका. रिड्यूसर आत्ताच परत करू नका.

ध्रुवमत्स्य | १९ जानेवारी, रात्री ८:१५

चढवली. चौकट ६९ कला रुंद, एका पिक्सेलला ०.८० विकला. माझा हिशोब ६० कलांचा होता. जास्त आभाळ मिळालं म्हणजे चांगलंच ना?

अगस्ती | १९ जानेवारी, रात्री १०:०२

गोम इथेच आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २०६.२६५ ला ४.३ ने गुणून ०.८० ने भागलं की नाभीय अंतर येतं सुमारे १११० मिमी. म्हणजे तुमची दुर्बीण शनिवारी एफ/६.३ नव्हती, एफ/५.५ होती.

रिड्यूसरवर ०.६३ लिहिलेलं असतं, पण ती पट भिंगात कायमची कोरलेली नसते. रिड्यूसरपासून सेन्सर किती लांब आहे त्यावर ती ठरते. सूत्र सोपं आहे: एकातून (अंतर भागिले रिड्यूसरचं स्वतःचं नाभीय अंतर) वजा करा. या रिड्यूसरला मागच्या आट्यांपासून सेन्सरपर्यंत १०५ मिमी अंतर लागतं, तिथे ०.६३ मिळतं. उलटं गणित केलं तर त्याचं स्वतःचं नाभीय अंतर २८५ मिमीच्या आसपास बसतं. आता तुमची जोडणी मोजू. टी-अडॅप्टर ५०, टी-रिंगच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ५५, इथेच १०५ झाले. त्यात गायडर घुसवलात. तो साधारण २४ मिमीचा असणार. झाले १२९. सूत्रात घाला: ०.५५. अ‍ॅस्ट्रोमेट्रीनेही तेच सांगितलं.

कोपरे का बिघडले? हा रिड्यूसर दुहेरी काम करतो. प्रतिमा लहान करतो आणि सी-८च्या वाकलेल्या प्रतिमापृष्ठाला सपाटही करतो. दुसरं काम १०५ मिमीवरच नीट होतं. लांब गेलात की मध्य ठीक राहतो, कडा हातातून जातात.

काळ्या कोपऱ्यांचं कारण वेगळं. रिड्यूसर आभाळ निर्माण करत नाही, दुर्बिणीच्या मागे प्रकाशाचं जे वर्तुळ पडतं त्यालाच आवळतो. तुमच्या सेन्सरचा कर्ण जवळपास २७ मिमी. ०.६३ ला तो भरायचा तर मूळ वर्तुळ ४३ मिमीचं हवं, ०.५५ ला ४९ मिमीचं. आणि सी-८च्या मुख्य आरशातून येणारी मधली नळी आतून सुमारे ३७ मिमीचीच आहे. म्हणून अंतर अचूक ठेवलं तरी कोपरे थोडे दबतील. तेवढे फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो) काढून निघतात. ०.५५ ला मात्र फ्लॅटनेही डाग राहतो.

रिड्यूसर चांगला आहे, ठेवून घ्या.

ध्रुवमत्स्य | १९ जानेवारी, रात्री १०:४०

अगस्तीकाका, मनापासून आभार. दोन दिवस झोप नव्हती. गायडर काढून टाकू का? वेगळी गायड दुर्बीण आहे माझ्याकडे.

अगस्ती | १९ जानेवारी, रात्री ११:०५

नको. सी-८मध्ये फोकस करताना मुख्य आरसाच सरकतो. रात्रभरात दुर्बीण एका बाजूकडून दुसरीकडे झुकते तेव्हा तो किंचित लवंडतो, आणि बाहेर बसवलेल्या गायड दुर्बिणीला ते कळत नाही. पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे रेघ होतात. गायडर राहू द्या, ५० मिमीचा अडॅप्टर बदला. एक आखूड रिंग घ्या, पुढे गायडर, आणि उरलेल्या मिमींचा स्पेसर. व्हर्नियरने मोजा, जाहिरातीतल्या मापावर जाऊ नका.

रोहिणी | २१ जानेवारी, दुपारी ३:२०

मी फोटो काढत नाही, डोळ्यांनीच बघते. माझ्याकडेही सी-८ आहे, सोबत ३२ मिमीची प्लॉसल प्रकारची आयपीस (डोळ्याकडचं भिंग). कृत्तिका एका नजरेत मावत नाहीत याची फार खंत वाटते. सोसायटीतल्या मुलांना दाखवायला बसले की प्रत्येक वेळी चार-चार तारे दाखवून दुर्बीण सरकवावी लागते. रिड्यूसर घेतला तर मावतील का?

पुनर्वसू | २१ जानेवारी, सायंकाळी ६:४५

रोहिणीताई, मावतील, पण काठोकाठ. सव्वा इंची आयपीसच्या आतली कडी जास्तीत जास्त २७ मिमीची असते, तुमच्या ३२ मिमी प्लॉसलची तेवढीच आहे. रिड्यूसरशिवाय ६३ पट आणि पाऊण अंश आभाळ दिसतं. रिड्यूसर लावला की ४० पट आणि १.२ अंश. कृत्तिकांतले ठळक तारे टोकापासून टोकापर्यंत एक अंशाच्या आसपास पसरलेत. सगळ्या बहिणी आत येतील, भोवती काळं आभाळ फारसं राहणार नाही.

दुसरा रस्ता दोन इंची डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) आणि दोन इंची मोठी आयपीस. तिची कडी ४६ मिमीपर्यंत असते, त्यामुळे रिड्यूसरशिवायच १.३ अंश मिळतो. फक्त दोन्ही एकत्र लावू नका. रिड्यूसर आणि दोन इंची आयपीस असं केलं की कडा काळी पडते, कारण अडथळा त्याच ३७ मिमी नळीचा आहे.

मुलांसाठी विचाराल तर मी रिड्यूसर घ्या म्हणेन. सव्वा इंची आयपीस तुमच्याकडे आहेतच, त्या सगळ्यांना तो लागू पडतो. ययातीतला जोडगुच्छ त्यातून बघा. दोन्ही गुच्छ प्रत्येकी अर्ध्या अंशाचे, शेजारी शेजारी. एफ/१०ला एकावेळी एकच हाताला लागतो, ४० पटीत दोन्ही एकदम समोर येतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आयपीसपासून डोळा काढवेना.

नाशिककर | २२ जानेवारी, रात्री ९:५०

मी सहा इंची न्यूटोनियन वापरतो, ७५० मिमी, एफ/५. बाजारात सव्वा इंची ०.५ पटीचे स्वस्त रिड्यूसर मिळतात. ते लावले तर एफ/२.५ होईल ना? पाच मिनिटांचं काम सव्वा मिनिटात?

अगस्ती | २२ जानेवारी, रात्री १०:३०

पैसे वाचवा. पहिली अडचण, फोकस होणार नाही. तो रिड्यूसर सेन्सरपासून ५१ मिमीवर ठेवला की ०.५ पट मिळते. म्हणजे रिड्यूसर नसता तर प्रतिमा त्याच्या मागे १०२ मिमीवर पडली असती, आता ती ५१ वर येते. फोकसर पाच सेंटिमीटर आत न्यावा लागेल. न्यूटोनियनचा फोकसर कॅमेऱ्यासोबत आधीच जवळपास तळाला टेकलेला असतो. सी-८मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे दुय्यम आरसा मुख्य आरशाचा एफ/२ पाचपट ताणून एफ/१० करतो. मुख्य आरसा थोडासा सरकला तरी मागचा फोकस कित्येक सेंटिमीटर हलतो.

दुसरी अडचण, एफ/५च्या अन्वस्त आरशाला मुळातच कडेला कोमा (तारे धूमकेतूसारखे शेपटीदार दिसण्याचा दोष) असतो. हे साधं दोन भिंगांचं रिड्यूसर तो सुधारत नाही, उलट कोमाने बिघडलेला आणखी भाग चौकटीत ओढून आणतं. तुम्हाला कोमा करेक्टर हवा. एफ/५ पुरेसा वेगवान आहे हो.

पुनर्वसू | २३ जानेवारी, सकाळी ८:०५

अपवर्तक दुर्बीणवाल्यांसाठी माझा अनुभव. ८० मिमीची ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेची), ६०० मिमी, एफ/७.५. तिच्यासाठीच बनवलेला ०.८५चा रिड्यूसर लावला की ५१० मिमी आणि एफ/६.४. इथे अंतर ५५ मिमी, डीएसएलआरला योग्य टी-रिंग लावली की आपोआप जुळतं. देवयानी दीर्घिका तीन अंशांची. माझी चौकट अडीच बाय पावणेदोन अंशांच्या आसपास, कॅमेरा तिरपा फिरवून दीर्घिका कर्णावर घेतो तेव्हा टोकाशी टोक जुळतं. दुसऱ्या दुर्बिणीचा रिड्यूसर उसना आणून मात्र लावू नका. प्रत्येक भिंगसंचाची वक्रता निराळी असते. आणि ज्यांच्याकडे सेलेस्ट्रॉनची एज एचडी दुर्बीण आहे त्यांनी सी-८चा ०.६३ लावू नये, त्यात सपाटीकरणाची भिंगं आधीच बसवलेली आहेत. तिचा स्वतःचा ०.७ पटीचा रिड्यूसर वेगळा मिळतो.

गच्चीवाला | २३ जानेवारी, रात्री ११:२०

एक मूलभूत शंका. एफ/१०चा एफ/६.३ झाला म्हणजे दुर्बीण अडीचपट जास्त प्रकाश गोळा करते, बरोबर?

अगस्ती | २४ जानेवारी, सकाळी १०:१५

नाही. प्रकाश गोळा करणारं तोंड २०३ मिमीचं होतं, ते तेवढंच राहतं. लोण्याचा तोच गोळा मोठ्या भाकरीवर फासला तर पातळ थर बसतो, लहान भाकरीवर फासला तर जाड. रिड्यूसरने भाकरी लहान होते. तेजोमेघाचा तोच प्रकाश अडीचपट कमी पिक्सेलवर पडतो, म्हणून प्रत्येक पिक्सेल लवकर भरतो आणि अंधूक भाग कॅमेऱ्याच्या स्वतःच्या गोंधळातून लवकर वर येतो. ठिपक्याएवढ्या ताऱ्यांना तेवढा फायदा नाही.

याची किंमत बारकाव्यात मोजावी लागते. मात्र आपल्याकडे ती किंमत बहुतेक वेळा कागदावरच राहते. एफ/१०ला पिक्सेलमागे ०.४४ विकला येतात, पण हवेमुळे तारा दोन-तीन विकलांइतका पसरलेलाच असतो. तो सहा पिक्सेलवर मांडला काय आणि चारवर काय, नवीन तपशील येत नाही. ०.६९ विकला पुरेसे आहेत. गुरू-शनीचं गणित निराळं. तिथे हजारो फ्रेममधून हवा स्थिर असतानाचे क्षण वेचतो, म्हणून रिड्यूसर काढून ठेवायचा आणि बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लावायचा. स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ, एम ५७, तोही जेमतेम सव्वा कलेचा आहे, त्याला एफ/१०च राहू द्या.

आणि हे फक्त हौशी मंडळींचं साधन आहे असं समजू नका. जुन्नर-घोडेगाव भागात गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, २००६ पासून. तीही एफ/१०, म्हणजे नाभीय अंतर २० मीटर. तिच्या मागे बसवलेलं आयफॉस्क हे उपकरण मुळात फोकल रिड्यूसर आहे, एफ/१०चा एफ/४.५ करतं. त्याचा सेन्सर २०४८ पिक्सेलचा, एकेक पिक्सेल १३.५ मायक्रॉन, म्हणजे बाजू साधारण २७.६ मिमी. थेट दुर्बिणीला लावला असता तर पावणेपाच कलांचं आभाळ दिसलं असतं. आयफॉस्कमधून साडेदहा कला दिसतं. त्यात प्रकाश आधी समांतर केला जातो आणि मग दुसऱ्या भिंगसंचाने आवळला जातो. मधल्या समांतर टप्प्यात वर्णपट घेण्याचे घटक सरकवता येतात. एकच उपकरण फोटोही काढतं आणि वर्णपटही घेतं. चिलीतल्या व्हीएलटी या महादुर्बिणीवरच्या फोर्स या उपकरणाच्या तर नावातच फोकल रिड्यूसर आहे. ध्रुवमत्स्य, तुम्ही वेल्ह्याच्या शेतात जे गणित करताय तेच तिथे चालतं.

रोहिणी | २४ जानेवारी, दुपारी १२:३०

ही शेवटची माहिती वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

ध्रुवमत्स्य | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

उशिराने लिहितोय, रिंगमध्ये अडकलो होतो.

आखूड रिंग मिळाली, १०.२ मिमी. गायडर मोजला, बरोबर २४.० मिमी. ५० मधून वजा जाता १५.८ मिमीचा स्पेसर हवा. एका दुकानातून ‘४२ मिमी आट्यांचा’ म्हणून १६ मिमीचा मागवला. दीड फेरा फिरला आणि घट्ट बसला. जोर लावला नाही हे नशीब. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं: टी-रिंगचे आटे ४२ मिमी व्यासाचे पण पाऊण मिमी अंतराचे असतात, आणि आलेला स्पेसर जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सचा, एक मिमी आट्यांचा. व्यास एकच, त्यामुळे सुरुवात होते आणि मग आटे एकमेकांना खातात. दुकानाने परत घ्यायला नकार दिला. नवीन लोकांनी मागवताना ‘४२ बाय ०.७५’ असं स्पष्ट लिहून घ्या.

शेवटी भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला. म्हणाले, “आकडा राहू दे, जोडीचा तुकडा दे. आटे त्याच्यावर बसवून बघितल्याशिवाय मी तुकडा उतरवत नाही.” गायडर त्यांच्या हातात दिला. ॲल्युमिनियमचा दांडा लावला, आतून-बाहेरून आटे पाडले, तीनदा गायडर फिरवून पाहिला. चौथ्यांदा तो एका बोटाने शेवटपर्यंत गेला आणि हलकेच टेकला. व्हर्नियरवर १५.८. आतून चकाकत होता म्हणून त्यांनीच काळा मॅट रंग मारायला सांगितलं, नाहीतर ठळक ताऱ्यांभोवती वलयं येतील हे मलाही सुचलं नव्हतं.

अगस्ती | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

त्या काकांना माझा नमस्कार सांगा. प्रकाशप्रदूषणाचा फिल्टर रिड्यूसरच्या मागे लावणार असाल तर काचेच्या जाडीचा एक तृतीयांश अंतरात वाढवायचा. २ मिमी काचेला पाऊण मिमीच्या आतबाहेर. सी-८ला एवढ्याने बिघडत नाही, पुनर्वसूंच्या ईडीला जाणवेल.

ध्रुवमत्स्य | ११ मार्च, रात्री १:३५

आत्ताच शेतावरून लिहितोय. सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२. दोघींमध्ये ३८ कलांचं अंतर, म्हणजे रिड्यूसरशिवाय माझ्या चौकटीची अख्खी रुंदी. आज दोन्ही एकाच फ्रेममध्ये आल्या. डावीकडे एम ८१चे मऊ सर्पिल हात, उजवीकडे एम ८२ उभी सिगारसारखी, मध्ये फाटल्यासारखी काळी रेघ. तीन मिनिटांच्या ४० फ्रेम घेतल्या. अ‍ॅस्ट्रोमेट्री सांगते पिक्सेलला ०.६९ विकला, १२८० मिमी.

तीन कोपरे गोल आहेत! खालचा उजवा थोडा लांबट आहे अजून.

अगस्ती | ११ मार्च, सकाळी ६:२०

सुंदर आली असणार, लवकर चढवा. एक कोपरा म्हणजे अंतर नव्हे, कल. कॅमेरा तेवढा ९० अंश फिरवून एक फ्रेम घ्या. वाईट कोपरा चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर कल कॅमेऱ्याच्या बाजूचा. दुसऱ्या कोपऱ्यात गेला तर दुर्बिणीच्या बाजूचा, मग कोलिमेशन आणि रिड्यूसरचे आटे बघू.

ध्रुवमत्स्य | १२ मार्च, रात्री ११:५०

फिरवला. तोच कोपरा राहिला. टी-रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, त्यातला एक निम्मा बाहेर आला होता. तिन्ही सारखे आवळले. गच्चीवरून पुनर्वसू नक्षत्रातल्या पोलक्स ताऱ्यावर दहा सेकंदांची फ्रेम घेतली, चारही कोपरे गोल. फोटो उद्या चढवतो, ४० फ्रेमचं स्टॅकिंग (एकावर एक रचून एक फोटो करणं) चालू आहे.